दाराआड वाळणारी डांगरी

मास्तर एखादं गणित तिसऱ्यांदा समजावून सांगत. तरीही समोरचा चेहरा कोराच राहिला, की ते खडू टेबलावर ठेवत, चष्मा काढत आणि अत्यंत मायेने म्हणत, “राहू दे बाळा. वेल्डिंग करशील.”

वर्ग खो खो हसे. ज्याला म्हटलं तोही हसे, कारण न हसणं अजून वाईट दिसलं असतं.

मास्तरांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. गरजच पडली नव्हती, एवढं वाक्य पुरत असे. मुलं घरी जाऊन रडत आणि अभ्यासाला लागत. पालक कृतज्ञतेने मास्तरांच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवत. शिवाय मास्तर सुधारक विचारांचे होते. मुलगा-मुलगी असा भेद त्यांनी कधी केला नाही. दोघांनाही ते सारख्याच मायेने घाबरवत.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी तेवढी हसत नसे. ते वाक्य आलं की ती मान खाली घालून वहीत भराभर लिहू लागे. मास्तरांना ती फार अभ्यासू वाटे.

शिकवणी घराच्या पुढच्या खोलीत चाले. त्या खोलीच्या भिंतीवर मास्तरांच्या नावाजलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. त्यात डॉक्टर होते, इंजिनियर होते, एक वकील होता, आणि एकजण परदेशात नेमकं काय करतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो परदेशात होता. या फोटोंच्या मधोमध एक खिळा रिकामा होता. तो मास्तरांनी आपल्या मुलीसाठी राखून ठेवला होता.

ती मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत, शनिवारच्या त्या सकाळी मागच्या खोलीत पँटला इस्त्री करत होती. पँट गडद निळी, टेरिलीनची, कडक घडीची. वर पांढरा शर्ट. खांद्याला काळी, चपटी, लॅपटॉपची पिशवी. त्या पिशवीत लॅपटॉप सोडून सगळं होतं: कातडी हातमोजे, जेवणाचा डबा, आणि घडी घालून घालून चपटी केलेली जाड सुती डांगरी, कारखान्यात घालतात तो खांद्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख.

बारकी गावाबाहेरच्या प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंग शिकत होती.

आधी ती कॉलेजात होती. जो विषय मास्तरांना आवडे त्या विषयात ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्या खेपेच्या आधी एका मैत्रिणीसोबत ती त्या केंद्रात गेली. मैत्रिणीचं काम होईपर्यंत एका उघड्या शेडच्या दारात उभी राहिली. आत कुणीतरी दोन लोखंडी पट्ट्या जोडत होतं. मैत्रीण काम संपवून आली, हाका मारून थकली आणि एकटीच घरी गेली.

त्या संध्याकाळी बारकीने घरात सांगितलं. या प्रसंगासाठी अख्ख्या गावात एकट्या मास्तरांपाशी तयार वाक्य होतं, आणि नेमकं त्याच दिवशी ते त्यांना म्हणता येईना.

शेवटी मास्तरीणबाईंनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे दोघांनाही थोडंथोडं टोचेल असा. बारकीने शिकावं, पण गल्लीत कुणाला कळू नये. घरातून निघताना ऑफिसात जाणाऱ्या मुलीसारखं निघावं, तसंच परत यावं. कुणी विचारलं तर “कंपनीत ट्रेनिंग चालू आहे.”

“हे काही खोटं नाही,” मास्तर म्हणाले होते. “ट्रेनिंग तर आहेच.”

“आणि कंपनी?” बारकीने विचारलं.

“कंपनी पुढे मिळेल.”

तर त्या सकाळी बारकी दाराबाहेर पडली आणि शेजारच्या पायरीवर उभ्या असलेल्या बिनतारी काकूंनी तिला गाठलं. कुठल्याही तारेशिवाय गल्लीतली बातमी गल्लीभर पोचवत, म्हणून त्या बिनतारी.

“काय गं बारके, शनिवारीसुद्धा ऑफिस?”

“हो ना काकू.”

“डोळे का लाल झालेत?”

“स्क्रीन बघून.”

“आणि मनगटाला ते काय?”

“इस्त्री लागली.”

“मागच्या आठवड्यातही लागली होती.”

“मी रोजच इस्त्री करते ना काकू.”

काकूंनी मान डोलावली. फार समजूतदारपणे डोलावली. पण बारकीला घाई होती.

केंद्रात पोचल्यावर ती ऑफिसची मुलगी उतरवून खिळ्याला टांगत असे आणि डांगरी चढवत असे. मग शेडसमोर सगळ्यांची रांग. तिथले शिकवणारे सर रोज प्रत्येकाची बाही चिमटीत धरून कापड बघत, बूट बघत, मगच आत सोडत. जोड पक्का झाला की नाही हे ते हातोडीने टकटक करून आवाजावरून सांगत, म्हणून मुलं त्यांना टकटक सर म्हणत. समोरही म्हणत.

“टेरिलीन, नायलॉन घालून आत यायचं नाही,” ते पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. “सुती कापड जळतं, झटकता येतं. हे असलं कापड वितळतं आणि कातडीला धरून बसतं. ठिणगीला तुमचं घराणं कळत नाही. तिला कापड कळतं.”

बारकीचा हात चांगला बसला होता. सपाट जोड तिला लवकर जमले. आता डोक्यावरचे जोड चालू होते. त्यात लोखंड वर असतं, आपण खाली, आणि वितळलेला रस आपल्याच अंगावर यायला टपलेला असतो. त्याला घाबरून हात हलला की जोड बिघडतो. काळ्या काचेआडून तो पिवळा थेंब तिला दिसे, आणि तो थेंब ती म्हणेल तिकडे सरके. कॉलेजात एकही गोष्ट ती म्हणेल तिकडे सरकली नव्हती. येत्या बुधवारी तिची शेवटची परीक्षा होती. ती पास झाली की टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तिची जागा जवळजवळ ठरलेली होती.

सगळं नीट चाललं होतं. अडचण फक्त डांगरी वाळवण्याची होती.

डांगरी घामाने, काजळीने भरे, धुवावीच लागे. पण घराची कपडे वाळवायची दोरी पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी. मागे एक खिडकी, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर बिनतारी काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी. म्हणून डांगरी न्हाणीघराच्या दाराआड एका खुंटीवर वाळे. वाळे म्हणजे काय, लटके. जाड कापड, ना ऊन ना वारा. तिला कुबट वास येई. सकाळी मास्तरीणबाई तिच्यावर गरम इस्त्री फिरवून फिरवून ओल मारत. दुसरी डांगरी का घेतली नाही? कारण दुसरी घेतली असती तर ती लपवायला दुसरं दार लागलं असतं.

रविवारी मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला. सभागृह वगैरे नको, जिथे शिकलो तिथेच करू, असं ठरलं. पुढची खोली माणसांनी भरली. भिंतीवरचे फोटो आणि समोर बसलेली माणसं यांची जुळवाजुळव करून लहान मुलं खूश झाली.

पाहुणे येणार म्हटल्यावर मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं की पाहुण्यांना न्हाणीघराचीही गरज पडते. त्यांनी नुकतीच धुतलेली, ठिबकणारी डांगरी खुंटीवरून ओढली, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, पिशवीला गाठ मारली आणि ती पलंगाखाली सारली.

भाषण गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी केलं. “लोक विचारतात, तुम्ही डॉक्टर कशामुळे झालात? मी सांगतो, एका वाक्यामुळे. मी भूमितीत शून्य मिळवलं, आणि सर मला म्हणाले...”

ते थांबले. सगळ्या खोलीने एका सुरात म्हटलं, “राहू दे बाळा. वेल्डिंग करशील!”

हशा इतका झाला की खिडकीची ग्रिल थरथरली. मास्तरांनी लाजून हात जोडले. बारकी चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभी होती. तीही हसली. सवय होती.

एक बाई कप उचलताना म्हणाल्या, “अगंबाई, हात किती राठ झालेत मुलीचे!”

“टायपिंग,” मास्तरीणबाई लगेच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी वीज गेली होती. बारकीने पलंगाखालची पिशवी ओढली, गाठ सोडली, आणि फरशीवर पाणी सांडलं.

“आई, ही ठिबकतेय गं.”

“अरे देवा, राहूनच गेलं. इस्त्री तर... वीज कधी येणार?”

“मला काय माहीत. मला निघायचंय.”

“आजचा दिवस नको जाऊस.”

“परवा परीक्षा आहे आई. डोक्यावरच्या जोडाचा आज शेवटचा सराव आहे.”

पडदा सरकवून मास्तर आत डोकावले. “हळू बोला. मुलं यायला लागलीत.”

“बाबा,” बारकी म्हणाली, “आज कडक ऊन पडलंय. ही बाहेर दोरीवर टाकली तर थोड्या वेळात निदान घालण्यासारखी होईल. मी उशिरा जाईन.”

“बाहेर?” मास्तर म्हणाले.

एवढा एकच शब्द. पण तो त्यांनी अशा आवाजात उच्चारला, की जणू कुणीतरी घरातलं माणूसच दोरीवर टाकायला काढलं होतं.

बारकीने डांगरी पुन्हा खुंटीला अडकवली आणि पँटच्या घडीवरून हात फिरवत बाहेर पडली.

केंद्रात सोबत शिकणाऱ्या एका मैत्रिणीने तिला स्वतःचं जास्तीचं सुती जाकीट दिलं. वरून कातडी अ‍ॅप्रन गुडघ्यापर्यंत आला. गुडघ्याखाली पँट दिसत होती ती गडद निळी, डांगरीचाच रंग. टकटक सर रांगेतून आले, तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं. तेवढ्यात ऑफिसातून त्यांना हाक आली. “हं, जा,” म्हणून ते वळले.

तेव्हा बारकीने सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सरांनी विचारलं असतं, “डांगरी कुठे आहे?” डांगरी दाराआड आहे. दाराआड का? या प्रश्नाचं उत्तर तिच्या एकटीचं नव्हतं. ते घराचं होतं. घराची अब्रू राखायची सवय मुलींना लहानपणापासून असते; ती त्या जळत्या ठिणगीखालीसुद्धा राखतात.

वरचा जोड सुंदर चालला होता. एक मोठा थेंब सुटून खाली आला आणि पँटच्या घोट्याजवळच्या दुमडीत पडला. चटका बसला, पण चटके रोजचे. पिवळा थेंब नीट सरकत होता, म्हणून तिने हात तसाच ठेवला. मग कापड पेटलं नाही, धूर झाला नाही. ते नुसतं मऊ झालं आणि नडगीला चिकटलं. तिने हाताने ओढून काढायला पाहिलं, तेव्हा कापडाबरोबर कातडीही येऊ लागली.

सरांनी पायावर पाणी ओतलं, पुष्कळ वेळ ओतलं. “हे कापड काय आहे?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःलाच म्हणाले, “खाली बघितलंच नाही मी.”

मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणाले, तर बारकी हटून बसली. घराजवळ डॉक्टर आहेत, ओळखीचे आहेत. सर तिला गाडीवरून घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी तिने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. “इथेच सोडा सर. इथून जाईन मी.”

“या पायाने?”

“जाईन सर. प्लीज.”

सरांनी गल्लीकडे पाहिलं. नवी जागा बघावी तसं नाही पाहिलं. बारकी भिंतीला धरत धरत घरी गेली.

दवाखान्यात जाताना मास्तरांनी आणि बारकीने मिळून ठरवलं. म्हणजे मास्तरांनी ठरवलं. चहा सांडला.

“काय झालं सर?” डॉक्टरांनी विचारलं.

“चहा सांडला हिच्या पायावर. उकळता.”

डॉक्टर वाकले. चिमटा हातात घेतला. मग चिमट्यात एक निळा, कडक, काचेसारखा तुकडा धरून त्यांनी दिव्याकडे नेला.

“सर,” ते हळूच म्हणाले, “चहात टेरिलीन होतं?”

मास्तर भिंतीवरचा डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता वाचू लागले. शेवटची ओळ बारीक होती, तीही त्यांनी प्रयत्नपूर्वक वाचली.

“बारके, तू सांग. मला साफ करायचंय, काय काय आत गेलंय ते कळायला हवं.”

“वेल्डिंग करताना लागलं,” बारकी म्हणाली. “मी वेल्डिंग शिकते.”

डॉक्टरांचा हात थांबला. कालचा चहाचा ट्रे, आणि ट्रेमागचा हसरा चेहरा त्यांना आठवला असावा. त्यांचे कान लाल होत गेले.

“सर, काल मी भाषणात...”

“चांगलं झालं भाषण,” मास्तर म्हणाले.

त्यानंतर जखम साफ होईपर्यंत त्या खोलीत तिघांपैकी फक्त बारकीचाच आवाज आला, आणि तोही दात आवळून. शेवटी डॉक्टर म्हणाले, बुधवारी तिला उभं राहता येणार नाही. खूण कायमची राहील.

मंगळवारी संध्याकाळची शिकवणी भरली होती. मास्तर फळ्यावर वर्तुळ काढत होते. दारात एक माणूस उभा राहिला. कामावरून थेट आलेला, अंगात डांगरी, बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. हातात फळांची पिशवी.

“नमस्कार सर,” तो म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या डांगरीकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. मुलं डांगरीकडे पाहत होती.

“हां हां, या,” मास्तर म्हणाले. मग मुलांकडे वळून, न विचारता खुलासा केला, “ग्रिलवाले आहेत. खिडकीची ग्रिल बघायला आलेत.”

तो माणूस क्षणभर मास्तरांकडे बघत राहिला. मग फळांची पिशवी पाठीमागे धरून खिडकीपाशी गेला. एका हाताने ग्रिल हलवून पाहिली. बोटाच्या पेराने दोन-तीन जागी टकटक केलं आणि कान लावला.

“पक्की आहे,” तो म्हणाला. “चांगल्या हाताचं काम आहे हे.”

खिडकीजवळच्या मुलीने वहीतून मान वर केली.

“आतलीही एक बघायचीय म्हणाला होतात ना सर? ती बघून घेतो.” आणि पडदा बाजूला करून टकटक सर आत गेले.

आत बारकी पलंगावर पाय लांब करून बसली होती. पडदा काही भिंत नव्हे. तिने सगळं ऐकलं होतं. तिला सरांकडे बघवेना. मास्तरीणबाई पदराने उगाचच स्टूल पुसत राहिल्या. स्टूल स्वच्छ होतं.

“पाय कसा आहे?” सर बसत म्हणाले. “परीक्षेचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या तुकडीबरोबर देता येईल, मी बोललोय केंद्राच्या साहेबांशी. फक्त घरच्यांनी येऊन, काय झालं आणि का झालं, ते त्यांना सांगायला हवं. माझ्या बाजूचं मी सांगितलंय. कपडे तपासायचं काम माझं. चुकलो मी.”

“तुम्ही नाही चुकलात सर,” बारकी म्हणाली.

एवढ्यात मुलांना गणितं घालून मास्तर आत आले. उभेच राहिले.

“ते... मघाशी ग्रिलवाले म्हणालो. मनावर घेऊ नका. मुलं होती समोर.”

“छे हो सर,” टकटक सर हसले. “तुम्ही मला फार पूर्वीपासून तेच म्हणत आलात.”

मास्तरांना कळलं नाही.

“मी तुमचाच विद्यार्थी. तिथे, दाराशी बसायचो. अपूर्णांक काही केल्या जमत नव्हते. तुम्ही चष्मा काढला आणि म्हणालात, राहू दे बाळा...” सरांनी वाक्य पुरं केलं नाही. “भिंतीवरच्यांबद्दलची तुमची भाकितं किती खरी ठरली ते मला माहीत नाही. माझ्याबद्दलचं मात्र अगदी बरोबर निघालं.”

आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी तो चेहरा आठवायचा फार प्रयत्न केला. भिंतीवरचे सगळे चेहरे एकापाठोपाठ एक आठवले. हा आला नाही.

“वाईट वाटलं होतं का हो तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“तेव्हा? वेल्डिंग म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं सर. घरी जाऊन आईला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं. म्हणाली, काहीतरी वाईट असणार, नाहीतर सर असं कशाला म्हणतील?”

सर उठले. “येतो मी. मागचं दार कुठे आहे?”

या घराला मागचं दार नव्हतं. पण सरांनी ते विचारलं, आणि बारकी पलंगावरून उतरली.

“अगं, अशी कुठे निघालीस?” मास्तरीणबाई ओरडल्या.

बारकीने न्हाणीघराचं दार ओढलं, खुंटीवरची डांगरी काढली, खांद्यावर टाकली. अजून ओलीच होती ती. “सर पुढच्या दाराने आलेत आई. पुढच्याच दाराने जातील.” मग मास्तरांकडे वळून म्हणाली, “बाबा, मला तुम्ही कंपनीत पाठवलंत, मी गेले. पायावर चहा सांडलात, तोही सांडू दिला. पण माझ्या सरांना तुम्ही ग्रिलवाला केलंत, आणि ते बिचारे ग्रिल तपासत बसले. आता नाही. ती पँट मी पुन्हा घालणार नाही.”

भिंतीला धरत ती पुढच्या खोलीत आली.

“मुलांनो, हे ग्रिलवाले नाहीत,” ती म्हणाली. “हे माझे सर. मी त्यांच्याकडे वेल्डिंग शिकते.”

वर्ग खो खो हसला.

मुलांचा काही दोष नव्हता. त्या शब्दाला हसायचं असतं हे त्यांना शिकवलेलं होतं, आणि मास्तरांचं शिकवणं पक्कं असे. पडद्यापाशी उभ्या मास्तरांनी तो हशा ऐकला. तो त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. पण इतकी वर्षं ते खडूच्या बाजूला उभे राहून ऐकत आले होते. समोरच्या बाजूने तो कसा ऐकू येतो, हे त्यांना आजच कळलं. बारकीची मान लाल होत चाललेली त्यांना मागून दिसत होती.

एकच मुलगी हसत नव्हती. खिडकीजवळची. मान खाली घालून भराभर लिहीत होती.

“तू का नाही हसलीस बाळा?” मास्तरांनी विचारलं. त्यांना कदाचित तेवढाच आधार हवा होता.

मुलगी उभी राहिली. “बाबांनी सांगितलंय सर.”

“काय सांगितलंय?”

“सर वेल्डिंगचं म्हणाले की खाली बघायचं आणि लिहीत राहायचं. सर चांगलं शिकवतात, तेवढं घ्यायचं.”

“का?”

मुलीने ग्रिलकडे पाहिलं. “माझे बाबा वेल्डर आहेत. ही ग्रिल त्यांनीच केलीय. तुम्हीच बोलावलं होतं.”

मास्तर खुर्चीत बसले. त्यांना खडू ठेवायचा होता, पण तो कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून हातातच राहिला. मग ते म्हणाले, “आज घरी जा सगळे.” मुलं गेली. टकटक सरही गेले, पुढच्या दाराने. जाताना फळांची पिशवी त्यांनी टेबलावर, भूमितीच्या पुस्तकाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी बारकीची परीक्षा व्हायची होती, मास्तर सकाळी लवकर तयार झाले. केंद्रात जाऊन साहेबांना सांगायचं होतं. तिथे म्हणायची वाक्यं त्यांनी मनात जुळवली होती, आणि एकही धड वाटत नव्हतं. बाहेर पडण्याआधी ते परत आत गेले. पलंगाच्या दांडीवर पडलेली डांगरी उचलली. मास्तरीणबाई म्हणाल्या, “द्या इकडे, मी टाकते.” मास्तरांनी दिली नाही.

त्यांनी आयुष्यात दोरीवर कपडा टाकला नव्हता. एक पाय पिळलेलाच राहिला, एक बाही जमिनीकडे लोंबली. चिमटे लावायचे राहिले. तेवढ्यात शेजारची पायरी जागी झाली.

“मास्तर, हे काय वाळत घालताय?”

“ग्रिलवाला विसरून गेला.” हे उत्तर मास्तरांच्या ओठांपर्यंत आलं होतं, अगदी तयार, इस्त्री केलेलं.

“बारकीची डांगरी आहे,” ते म्हणाले. “वेल्डिंग शिकते ती.”

आवाज इतका बारीक, की गल्लीत सर्वांत तिखट कान असलेल्या बाईंनासुद्धा विचारावं लागलं, “काय म्हणालात?”

मास्तरांनी घसा साफ केला. “माझी मुलगी वेल्डिंग शिकते!”

समोरची एक खिडकी उघडली. मग अजून एक.

“ते माहीत आहे हो,” बिनतारी काकू म्हणाल्या. “न्हाणीघराच्या दाराआडची तुमची ती खुंटी, दार लोटलं की आमच्या स्वयंपाकघरातून दिसते ना. अख्ख्या गल्लीला माहीत आहे, कधीपासून. पण तुम्ही एवढी लपवाछपवी करता, म्हटलं मास्तरांना वाईट वाटेल. म्हणून आम्ही कुणी विषय काढला नाही.” त्या थोडं थांबल्या. “पोरीचा पाय कसा आहे आता?”

मास्तर दोरीकडे वळले आणि डांगरीचा पिळलेला पाय सरळ करू लागले. तो घोट्याजवळ दुमडला होता. तिथली दुमड त्यांनी उलगडली, तळव्याने सपाट केली, पुन्हा पुन्हा केली. मग चष्मा पुसला आणि केंद्राच्या वाटेला लागले.

ऊन चांगलं होतं. डांगरी दुपारच्या आत कडकडीत वाळली. ती कोणत्याही दिवशी वाळली असती.